गुण आणि घाव

दिनांक 7 ऑगस्ट 2021 रोजी, टोकियोच्या निप्पोन बुदोकान या क्रीडागृहात, प्रेक्षकांवाचून ओस पडलेल्या बाकांसमोर, ऑलिंपिकमध्ये प्रथमच दाखल झालेल्या कराटेच्या पुरुष विभागातील सर्वांत वजनदार गटाची अंतिम लढत चालू असता, चार विरुद्ध एक अशा गुणांनी आघाडीवर असलेल्या सौदी अरेबियाच्या तारेग हमेदी याची एक उंच लाथ इराणच्या सज्जाद गंजजादे याला मानेपाशी इतकी नेमकी आणि इतक्या जोराने लागली की तो जागच्या जागी कोसळला. त्याला प्राणवायू लावून स्ट्रेचरवरून बाहेर न्यावे लागले. आणि पंचांनी आपसांत विचारविनिमय करून सुवर्णपदक त्या बाहेर नेलेल्या माणसास बहाल केले. हमेदी जिंकता तर त्याच्या देशाचे ते ऑलिंपिकमधील पहिलेच सुवर्णपदक झाले असते. अतिरिक्त जोर वापरल्याच्या कारणाने तो अपात्र ठरला आणि रौप्यपदक घेऊन अश्रू पुशीत परतला. गंजजादेनेही अशा रीतीने जिंकावे लागल्याबद्दल मागाहून विषाद व्यक्त केला.

ज्यांनी हे दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिले त्यांपैकी कित्येकांना, शत्रूला एका घावात लोळविण्यासाठीच जी विद्या जन्मास आली अशी त्यांची बालपणापासूनची समजूत होती, तीत लोळविणारा पराभूत आणि लोळणारा विजयी ठरावा हा प्रकार हास्यास्पद वाटला, आणि त्यावर पुढे यथेच्छ टवाळी झाली. माझे मत विचाराल तर पंचांचा निकाल निर्दोष होता. मस्तकावरचा प्रहार आवरता आला पाहिजे, आणि जो तो आवरू शकत नाही त्याला लढतीतून बाद केले जाईल, ही अट दोघांनीही कबूल करूनच चटईवर पाऊल ठेवले होते. कबूल केलेल्या अटीचा अंमल प्रसंगाचे मोठेपण पाहून ढिला करावयाचा असेल तर पंच मुक्रर करावेत तरी कशाला? परंतु टवाळखोरांच्या हसण्याच्या बुडाशी एक प्रश्न होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ज्या लाथेने माणूस पडतो ती चुकीची आणि जिने तो पडत नाही ती बरोबर, असे वर्षानुवर्षे शरीरास पढविले असता, खरोखरीचा प्रसंग गुदरल्यावर ते शरीर काय करील? प्रस्तुत ग्रंथ या एका प्रश्नाभोवती रचला गेला आहे, आणि ग्रंथकर्ते माझे जुने स्नेही असल्यामुळे, त्यांच्याशी या विषयावर आजवर घातलेल्या हुज्जतीचा मोबदला म्हणूनच की काय, प्रस्तावनेचे काम त्यांनी माझ्याकडे सोपविले आहे.

आपल्याकडे शाळांच्या पटांगणांवर, सोसायट्यांच्या गच्च्यांवर आणि लग्नसराई नसेल तेव्हा मंगल कार्यालयांत जे कराटेचे वर्ग भरतात, त्यांतील शिक्षकांमध्ये या प्रश्नावर दोन तट पडलेले आहेत. एका तटाचे म्हणणे असे की, गुणांची कुमिते, म्हणजे पंचांनी दिलेल्या गुणांवर चालणारी जोडीची लढत, ही लुटुपुटूची लढाई असून तीत मुरलेला मुलगा रस्त्यावर पहिल्याच थपडेत गांगरून जातो. दुसऱ्या तटाचे म्हणणे असे की, खऱ्या लढाईच्या नावाखाली जे काही चालते ती निव्वळ दांडगाई असून तीत विद्या कोठेच दिसत नाही, दिसतात ती फक्त सुजलेली तोंडे. दोन्ही तटांची फिर्याद काही अंशी खरी आहे; पण खटलाच चुकीच्या मुद्द्यावर उभा केला गेला आहे, असे माझे नम्र मत आहे. संपूर्ण खरा सराव असा काही पदार्थच असू शकत नाही. ज्याच्याबरोबर आज सराव केला त्याच्याबरोबर उद्याही करावयाचा असतो, आणि एवढ्या एका गोष्टीमुळे प्रत्येक सरावातून काही तरी वगळावेच लागते. प्रहाराचा शेवटचा जोर वगळा, प्रहाराची काही स्थाने वगळा, अंग उघडे ठेवणे वगळून त्यावर कवच चढवा, किंवा जोडीदाराचा विरोधच वगळून डाव आधी ठरवून घ्या. मार्ग एवढेच आहेत, आणि आजवर निघालेल्या एकूण एक पंथांनी यांपैकी एखादा किंवा दोन पत्करलेले आहेत. तेव्हा कोणता पंथ खरा यावर वाद घालण्यापेक्षा, कोणी काय वगळले, कशासाठी वगळले, आणि वगळलेल्या गोष्टीची आठवण शिष्याला राहिली आहे की नाही, याचा हिशोब मांडणे अधिक उपयोगाचे आहे.

हा हिशोब जपानात कराटे पोहोचण्यापूर्वीच सुरू झाला होता. खड्गविद्येचे जुने शिक्षण ठरलेल्या जोड-कवायतींतून चालत असे. अठराव्या शतकात कळकाची तलवार आणि अंगावरची कवचे प्रचारात येऊन शिष्य एकमेकांवर मोकळेपणाने वार करू लागले, तेव्हा जुन्या वस्तादांनी हीच तक्रार केली की, कळकाच्या कांबीने टोला देणे निराळे आणि धारेच्या पात्याने कापणे निराळे. मल्लविद्येत जिगोरो कानो या विद्वान गृहस्थांनी 1882 साली ज्युदोसाठी कोदोकान ही संस्था काढून उलट वाट धरली. जुन्या जुजुत्सूत डोळ्यांत बोटे घालण्यापासून सांधे निखळविण्यापर्यंत जे प्राणघातक डाव होते, ते भीतीपोटी कोणालाच पुऱ्या जोराने करता येत नसत. कानोंनी ते मोकळ्या सरावातून काढून टाकले आणि जे उरले ते संपूर्ण जोराने, विरोध करणाऱ्या जोडीदारावर, रोजच्या रोज करावयास लावले. टोकियोच्या पोलीस खात्याने 1880 च्या दशकात भरविलेल्या सामन्यांत कानोंच्या शिष्यांनी जुन्या घराण्यांच्या मल्लांवर जी सरशी मिळविली, तिच्यात या रोजच्या सरावाचा वाटा फार मोठा होता. कमी भयंकर डाव पुऱ्या जोराने घोटणारा मनुष्य, अधिक भयंकर डाव नुसते हवेत घोटणाऱ्याला भारी पडतो, हा त्या सामन्यांतून मिळालेला धडा कराटेवाल्यांच्या डोळ्यांपुढे सतत होता, आणि त्यांची सगळी चलबिचल त्यातूनच उद्भवली.

कारण कराटेची अडचण मल्लविद्येहून बिकट होती. पाठीवर आदळलेला मनुष्य गादीवरून उठून पुन्हा उभा राहू शकतो, पण कंठावर बसलेली मूठ परत घेता येत नाही. ओकिनावा बेटावर, 1879 साली रियुक्यूचे जुने राज्य खालसा होऊन ते जपानचा एक परगणा बनण्यापूर्वी आणि त्यानंतरही पुष्कळ काळ, ही विद्या काता नावाच्या एकट्याने करावयाच्या आकृतिबंधांतून आणि गुरूच्या देखरेखीखालील जोडीच्या अभ्यासातून शिकविली जात होती. सार्वजनिक सामने, पंच, गुण यांची तिला गंधवार्ता नव्हती. अंको इतोसू यांनी ती शाळांच्या पटांगणावर आणली, आणि 1908 साली शिक्षणखात्याच्या माहितीसाठी त्यांनी जे दहा कलमांचे टिपण लिहिले त्यात ही विद्या एकट्या प्रतिस्पर्ध्याशी खेळण्यासाठी नसून, दुष्टाशी किंवा दरोडेखोराशी गाठ पडलीच तर इजा टाळण्यासाठी आहे, असा खुलासा केलेला आढळतो. हे कलम या ग्रंथाच्या वाचकाने ध्यानात ठेवावे, कारण पुढे सबंध शतकभर जो घोटाळा झाला त्याचे मूळ त्याच्या विस्मरणात आहे.

इतोसूंचे शिष्य गिचिन फुनाकोशी 1922 साली शिक्षणखात्याच्या शारीरिक शिक्षण प्रदर्शनात प्रयोग दाखविण्यासाठी टोकियोस आले आणि तेथेच राहिले. पेशाने शाळामास्तर, वृत्तीने कवी, वयाने पन्नाशी ओलांडलेले हे गृहस्थ विद्यापीठांतील तरुणांना काता शिकवू लागले. आणि ज्या तरुणांनी शेजारच्या दालनात ज्युदोचे आणि कळकाच्या तलवारीच्या केंदोचे खेळाडू एकमेकांवर खरोखर तुटून पडताना पाहिले होते, त्यांना वर्ष दोन वर्षे काता घोटल्यावर ही विद्या चालते की नाही हे पाहण्याची अनिवार इच्छा व्हावी यात नवल नाही. टोकियो विद्यापीठातील काही विद्यार्थ्यांनी 1927 च्या सुमारास केंदोची कवचे चढवून मोकळ्या लढती सुरू केल्या. फुनाकोशींना हे कळले तेव्हा त्यांनी निषेध केला आणि तेथे शिकविण्यास जाणेच बंद केले. त्यांच्या या करारीपणाबद्दल मला आदर आहे, पण त्या पोरांबद्दल सहानुभूती अधिक आहे. गुरूवर संपूर्ण श्रद्धा ठेवूनही शिष्याला पुरावा हवासा वाटतो, आणि तो मागितल्यावर गुरूने पाठ फिरवावी हे विद्येच्या हिताचे नव्हते.

त्याच काळात ओकिनावाहून आलेले दुसरे एक गृहस्थ, चोकी मोतोबू, या वादाच्या अगदी दुसऱ्या टोकाला उभे होते. नाहा शहरातील त्सुजी नावाच्या रंगेल वस्तीत रात्रीबेरात्री अनोळखी माणसांशी मुद्दाम कुरापत काढून आपली विद्या तपासून पाहणारा हा धिप्पाड मनुष्य, क्योतो येथे वयाच्या पन्नाशीनंतर एका परदेशी मुष्टियोद्ध्यास आडवा करून एकाएकी प्रसिद्धीस आला. आणि ‘किंग’ नावाच्या मासिकाने 1925 साली ती हकीकत छापताना सोबतच्या चित्रात मोतोबूच्या जागी चेहरा मात्र फुनाकोशींचा काढला. दोघांचे आधीच पटत नव्हते, त्यात ही भर. मोतोबूच्या वर्तनाची तरफदारी कोणी करू नये. पण 1926 साली त्याने जोडीच्या कुमितेवर जे पुस्तक प्रसिद्ध केले त्यातील छायाचित्रे पाहता एक गोष्ट डोळ्यांत भरते. दोन माणसे त्यांत जवळ जवळ छातीला छाती भिडवून उभी आहेत. एक हात दुसऱ्याच्या हाताला धरून किंवा दाबून आहे आणि मोकळा हात तेवढ्यात काम साधतो आहे. आजच्या गुणांच्या लढतीतील दोन खेळाडू ज्या अंतरावर उड्या मारीत असतात, त्याचा या छायाचित्रांशी दूरचाही संबंध नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. गुणांची पद्धत कोणा नाजूक प्रकृतीच्या माणसाने विद्या सोपी करण्यासाठी काढली, असे पुष्कळांना वाटते. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. विद्यापीठांच्या संघांमध्ये परस्परांकडे जाऊन सराव करण्याची जी वहिवाट पडली, तिचे पर्यवसान वारंवार हातघाईत होऊ लागले. दात पडले, नाके मोडली, बरगड्या तुटल्या, आणि मासातोशी नाकायामांसारख्या जाणत्या शिक्षकांना हे असेच चालू राहिले तर विद्या आणि विद्यार्थी दोन्ही बुडतील अशी भीती वाटू लागली. 1949 साली स्थापन झालेल्या जपान कराटे संघटनेत त्यांनी सामन्यांचे नियम बसविले, आणि फुनाकोशींच्या निधनाच्या वर्षी, म्हणजे 1957 साली, पहिली अखिल जपान स्पर्धा टोकियोत भरली. तीत कुमितेचे विजेतेपद मिळविणारे हिरोकाझू कानाझावा मोडलेल्या हाताने लढले होते ही कथा सर्वश्रुत आहे. नियम असा होता की प्रहार पूर्ण वेगाने, पूर्ण इराद्याने निघावा आणि लक्ष्याच्या एक सून म्हणजे सुमारे तीन सेंटिमीटर अलीकडे थांबावा. असा एक निर्विवाद प्रहार झाला की लढत तेथेच संपली. एका प्रहारात निकाल, म्हणून दोघेही मिनिटभर जागचे हलत नसत. तलवारीच्या द्वंद्वयुद्धाची छाया त्या नियमावर स्पष्ट दिसते.

या पद्धतीने काय दिले हे तिच्या निंदकांनी प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. अंतराचा अंदाज, समोरच्याच्या मनात हल्ला उगवण्याच्या क्षणी त्यावर झेप घेण्याची दृष्टी, आणि एका श्वासात दोन पावलांची दरी तोडून जाण्याची गती, या गोष्टी दुसऱ्या कोणत्याही सरावात इतक्या सूक्ष्म होत नाहीत, कारण दुसऱ्या सरावांत चुकीची शिक्षा सहन करून पुढे जाता येते आणि येथे एका चुकीत सामना जातो. याचा दाखला अमेरिकेतील पिंजऱ्याच्या लढतींनी दिला. 1993 च्या नोव्हेंबरात डेन्व्हर येथे त्यांचा आरंभ झाला तेव्हा ब्राझीलच्या ग्रेसी घराण्याच्या जमिनीवरील कुस्तीने उभ्याने लढणाऱ्या सर्वांची दाणादाण उडविली, आणि कराटेचे दिवस भरले असे जाणकारांनी जाहीर करून टाकले. पुढे 2009 च्या मे महिन्यात, बापाच्या हाताखाली फुनाकोशींच्या परंपरेतील शोतोकान कराटेत वाढलेला ब्राझीलचाच ल्योतो माचिदा तेथील जड वजनाच्या एका गटाचा विजेता झाला. प्रतिस्पर्ध्याच्या आवाक्याबाहेर अर्धे पाऊल उभे राहणे आणि त्याने वार टाकला की तो अर्धवट असतानाच सरळ मुठीने आत घुसणे, हे त्याचे भांडवल गुणांच्या लढतीतून आलेले होते. मात्र तो कुस्तीही शिकला होता आणि मार खाण्याचा सरावही त्याने केला होता, हे त्याच्या नावाने मिरवणारे शिक्षक सांगावयास विसरतात.

पण एका प्रहारात निकाल हा नियम टिकला नाही. 1970 साली टोकियोत पहिली जागतिक स्पर्धा झाली, राष्ट्रे वाढली, प्रेक्षकांना अधिक हालचाल हवी झाली, आणि आज मुठीला एक, धडावरच्या लाथेला दोन, मस्तकावरच्या लाथेला किंवा पाडलेल्या माणसावरील प्रहाराला तीन, आणि आठ गुणांची आघाडी झाली की सामना समाप्त, असे दरपत्रक जारी आहे. दर ठरले की व्यापार त्याप्रमाणे चालतो. मुठीचा एक गुण मिळविण्यासाठी धावत जाऊन टिचकी मारावी आणि तोंड फिरवून पंचांकडे पाहत आरोळी ठोकावी, असा एक ढंग पडला. गंमत अशी की नियमपुस्तकात गुण देण्याच्या कसोट्यांमध्ये प्रहारानंतरची सावधता स्पष्टपणे नमूद केलेली आहे, आणि नेमक्या त्याच क्षणी खेळाडूचे हात खाली असतात, पाठ शत्रूकडे असते आणि लक्ष निशाणांकडे असते. शरीर जे शंभरदा करते तेच एकशे एकाव्या वेळी करते. वगळलेल्या शेवटच्या तीन सेंटिमीटरांपेक्षा मला ही नंतरची बेफिकिरी अधिक घातक वाटते; जोर भीतीच्या प्रसंगी आपोआप येऊ शकतो, सावधता येत नाही.

मराठी वाचकाला हा प्रकार अपरिचित वाटू नये. मातीच्या आखाड्यातील निकाली कुस्ती, जीत पाठ लागेपर्यंत पैलवान अर्धा अर्धा तास एकमेकांना जोखीत राहत, आणि गादीवरची गुणांची कुस्ती, जीत घड्याळ आणि गुणफलक यांच्या तंत्राने डाव टाकावे लागतात, यांवरून कोल्हापूर-सांगलीकडे किती कडाक्याचे वाद झाले आहेत हे सर्वांना ठाऊक आहे. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत माती आणि गादी असे दोन विभाग करून आपण त्यावर तडजोड काढली आणि शेवटी दोन्हीकडच्या विजेत्यांची गाठ घालून दिली. कराटेला अशी तडजोड साधली नाही. तेथे प्रत्येक वादातून नवा पंथ निघाला.

त्या पंथांपैकी सर्वांत प्रभावी ठरला तो मासुतात्सू ओयामा यांचा क्योकुशिन. कोरियात जन्मलेल्या या असामान्य मनुष्याने तीन सेंटिमीटर अलीकडे थांबणाऱ्या कराटेला नाच म्हणून हिणविले, शिष्यांना उघड्या मुठींनी एकमेकांच्या छातीवर आणि उघड्या नडग्यांनी एकमेकांच्या मांड्यांवर पुऱ्या जोराने प्रहार करावयास लावले, 1964 साली आपली तीन माणसे थायी मुष्टियोद्ध्यांशी लढावयास बँकॉकला पाठविली, आणि 1969 पासून अशी खुली स्पर्धा सुरू केली की जीत प्रतिस्पर्धी खरोखर खाली बसला तरच पूर्ण विजय. मार सोसण्याची, दमल्यावरही उभे राहण्याची आणि दुखण्यातून विचार करण्याची जी शिकवण क्योकुशिनने दिली ती गुणांच्या पद्धतीत मिळत नाही, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. परंतु उघड्या मुठीने चेहऱ्यावर मारू दिले तर स्पर्धाच चालणार नाही, म्हणून ओयामांनी चेहऱ्यावरील मुठीचा प्रहार वर्ज्य केला. आणि दोन पिढ्यांत असे योद्धे तयार झाले, जे हात छातीच्या पातळीवर ठेवून, हनुवटी उघडी टाकून, समोरासमोर अगदी बिलगून उभे राहतात. बाहेरच्या जगात पहिला ठोसा बहुधा चेहऱ्यावरच येतो. ज्याने गुणांच्या पंथाला अवास्तव म्हटले त्याने स्वतः जी गोष्ट वगळली ती मानवी भांडणातली सर्वांत ठळक गोष्ट होती.

ओयामांच्याच एका नामांकित शिष्याला, 1977 च्या अखिल जपान स्पर्धेचे विजेते ताकाशी आझुमा यांना, हे खटकले, आणि त्यांनी 1981 साली सेंदाई येथे निराळा संप्रदाय काढून डोक्यावर पारदर्शक मुखावरणाचे शिरस्त्राण चढविले, चेहऱ्यावरील ठोसे खुले केले, पकड आणि फेकही मान्य केली. हाच पुढे कुदो म्हणून प्रसिद्ध झाला. आजवरच्या तडजोडींत मला ती सर्वांत शहाणपणाची वाटते. तरीही शिरस्त्राणातून येणारा ठोसा आणि उघड्या नाकावर बसणारा ठोसा यांत जे अंतर आहे ते तिच्यातही राहतेच.

आता इतोसूंच्या त्या कलमाकडे वळतो. वरील सर्व पद्धती एक गोष्ट न बोलता गृहीत धरतात : दोन माणसे, दोघांची संमती, मधे मोकळी जागा, आणि सुरुवात करा असा हुकूम. हल्ल्यात यांतील काहीच नसते. तो हाताच्या अंतरावर, बहुधा बोलता बोलता, शिवीगाळीतून किंवा खोट्या सलगीतून सुरू होतो. कॉलर धरली जाते, मनगट पकडले जाते, पाठीशी भिंत असते, हातात पिशवी असते, पायांत चपला असतात. गुणांच्या लढतीतील दोन पावलांचे अंतर तेथे कधीच मिळत नाही आणि क्योकुशिनची सोशिकता दाखविण्याइतका वेळही मिळत नाही. जुन्या कातांमध्ये मात्र या परिस्थितीच्या खुणा जागोजागी सापडतात. एका हाताने ठोसा मारताना दुसरा हात कंबरेशी ओढून घेण्याची जी लकब प्रत्येक नवशिक्याला शिकविली जाते आणि मोकळ्या लढतीत प्रत्येक जण टाकून देतो, तिचा अर्थ त्या हातात शत्रूचे मनगट किंवा वस्त्र आहे असे मानले म्हणजे लख्ख उलगडतो. मोतोबूच्या छायाचित्रांत हेच आहे. दुर्दैवाने काताचा असा अर्थ लावणाऱ्या आजच्या पंडितांपैकी बहुतेकांनी चौथा मार्ग पत्करला, म्हणजे जोडीदाराचा विरोध वगळला. जोडीदार एक ठोसा मारून हात हवेत तसाच ठेवतो आणि पंडित त्यावर लागोपाठ पाच डाव करून दाखवितात. फुनाकोशींकडे पुरावा मागणाऱ्या त्या विद्यार्थ्यांना हे दाखविले असते तर त्यांचे समाधान झाले असते असे मला वाटत नाही.

‘वास्तव’ या शब्दाचा उठताबसता जप करणाऱ्यांना आणखी एका वास्तवाची जाणीव करून दिली पाहिजे, आणि ते म्हणजे कायद्याचे. भारतीय दंड संहितेच्या 96 ते 106 या कलमांनी, आणि 1 जुलै 2024 पासून त्यांच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या 34 ते 44 या कलमांनी, प्रत्येक नागरिकाला स्वसंरक्षणाचा हक्क दिला आहे. पण बचावास आवश्यक असेल त्याहून अधिक इजा करण्याची मुभा दिलेली नाही. हल्लेखोर पडल्यावर, किंवा तो पळू लागल्यावर, जो थांबू शकत नाही तो फिर्यादीचा आरोपी होतो. म्हणजे हमेदीला जे कलम लागले त्याच्याच जातीचे कलम रस्त्यावरही लागू आहे, फक्त तेथे पदकाच्या जागी तुरुंग आहे. आणि मूठ हवी तेथे थांबविण्याची जी सवय गुणांच्या पद्धतीने लावली, तिची किंमत ज्यांना अखेरपर्यंत कळत नाही त्यांना ती न्यायालयात कळण्याचा संभव आहे. मुलींसाठी चालणाऱ्या स्वसंरक्षणाच्या शिबिरांत तर ही कलमे प्रथम आणि डाव नंतर शिकविले जावेत, असे मला वाटते. डाव चार दिवसांत येत नाहीत, हक्क किती आणि कोठपर्यंत हे मात्र तासाभरात समजते, आणि ते समजलेली मुलगी ओरडण्यास आणि हात उगारण्यास कचरत नाही.

ग्रंथकर्त्यांनी पुढील प्रकरणांत चारही मार्गांचा सविस्तर विचार केला आहे आणि एकाच वर्गात ते आलटून पालटून कसे वापरावेत याचा जो आराखडा दिला आहे तो आमच्याकडील शिक्षकांच्या हाती प्रथमच पडत आहे. एखाद्या दिवशी थांबणाऱ्या मुठीने दुरून लढावे, एखाद्या दिवशी छातीवर पुऱ्या जोराने, एखाद्या दिवशी भिंतीला पाठ लावून आणि कॉलर धरू देऊन सुरुवात करावी, आणि प्रत्येक वेळी सरावाआधी आज काय वगळले आहे ते शिष्यांकडून मोठ्याने वदवून घ्यावे, ही त्यांची सूचना वरवर बालिश वाटेल, पण मी ती वर्गात चालताना पाहिली आहे आणि तिचा परिणाम चांगला होतो. नियमांच्या इतिहासाचे प्रकरण काहीसे लांबले आहे. घाईच्या वाचकाने ते मागाहून वाचले तरी चालेल.

एका बाबतीत मात्र आमचे मतैक्य झाले नाही, आणि ते लपवून ठेवणे या ग्रंथाच्या स्वभावाला शोभणार नाही. लहान मुलांच्या मस्तकावर कोणताही प्रहार होऊ नये याबद्दल आम्ही दोघेही एकमताचे आहोत. प्रौढ शिष्यांनी मात्र शिरस्त्राण घालून मस्तकावर मध्यम जोराचे ठोसे नियमितपणे घ्यावेत असे त्यांचे म्हणणे आहे, आणि ते मला मान्य नाही. शिरस्त्राण कातडी फाटू देत नाही, हे खरे. कवटीच्या आत मेंदूला बसणारा हिसका ते थांबवीत नाही. आंतरराष्ट्रीय मुष्टियुद्ध संघटनेने 2013 साली वरिष्ठ पुरुषांच्या लढतींतून ते काढून टाकले तेव्हा हाच मुद्दा पुढे आला होता, आणि डोके झाकलेले असले म्हणजे मारणाराही हात सैल सोडतो हे मी स्वतः पाहिले आहे. ठोसा म्हणजे काय हे कळण्यापुरता त्याचा अनुभव माणसाला एकदा द्यावा, त्याची दर आठवड्याची हजेरी ठेवू नये, असा माझा आग्रह होता. ग्रंथकर्त्यांनी संबंधित प्रकरणाच्या शेवटी माझ्या आक्षेपाला चार पानांचे उत्तर दिले आहे. ते मी दोनदा वाचले आणि मला ते पटलेले नाही.